सौदी-पाकिस्तान करार, नाटोचं पाचवं कलम आणि आपण: जाणकारांनी सांगावं

फैजपूरकर (प्रश्न)

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला. जळगावला अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतोय. घरी केळीचा बाग आहे, माल आखातात जातो, आणि मामेभाऊ दम्मामला नोकरीला आहे. तिकडे जरा काही खुट्ट झालं की आमच्या घरी टीव्ही बंद होत नाही.

१७ सप्टेंबर २०२५ ला रियाधमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तानने संरक्षण करार केला. एका देशावरचं आक्रमण ते दोघांवरचं आक्रमण समजलं जाईल, असं संयुक्त निवेदनात आहे. तेव्हापासून गावात पारावर बसलेल्या लोकांनी पुढचं युद्ध मांडूनच टाकलंय. कुणी म्हणतं, आता पाकिस्तानला हात लावला की सौदी तेल बंद करणार. कुणी म्हणतं, आपणही नाटोत जायला पाहिजे, नाहीतर चीन-पाकिस्तान एक झाले तर आपल्या बाजूने कोण? आजोबा म्हणतात, रशिया आहे ना. मामी तर भावाला परत बोलवायचं म्हणते.

मला परीक्षेपुरतं दोन ओळींचं उत्तर नकोय. असा करार झाला म्हणजे दुसरा देश खरंच लढायला येतो का? येतो की नाही हे आधी कशावरून ओळखायचं? आणि आपण कुठल्याच लष्करी गटात नाही, हे शहाणपण आहे की अडचण?

वरणगाव_निवृत्त

फैजपूरकर, तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करतो. मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालो. काडतुसं बनवण्यात नोकरी गेली. कारखान्याच्या आतलं काही सांगणार नाही. खाली लिहितो ते सगळं जगाला माहीत असलेलंच आहे, फक्त मी ते काडतुसाच्या बाजूने बघतो.

आधी कागदाकडे बघू. नाटोचा करार ४ एप्रिल १९४९ चा, वॉशिंग्टनचा, १२ देशांचा. पाचवं कलम सगळ्यांना तोंडपाठ आहे: एकावर सशस्त्र हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला. पण वाक्य तिथं संपत नाही. पुढे लिहिलंय की प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई करेल, त्यात सशस्त्र बळाचा वापरही आला. कारवाई कोणती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपोआप युद्धात उतरावं लागेल असं वाक्य अमेरिकेच्या सिनेटने मंजूर केलंच नसतं, कारण युद्ध पुकारायचा अधिकार तिथं काँग्रेसचा आहे. एवढ्या वर्षांत हे कलम एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर.

आणि सहावं कलम तर कुणी वाचतच नाही. हल्ला कुठल्या भूभागावर झाला तर पाचवं कलम लागू, हे त्यात आहे. युरोप, उत्तर अमेरिका, तुर्कस्तान आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची अटलांटिकमधली बेटं. बस्स. याचा थेट संबंध आपल्याशी आलेला आहे. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता. डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा पोर्तुगालच्या मागे नाटो होतीच की! पण गोवा त्या नकाशात नव्हता. नाटोचा एक जवान हलला नाही. पोर्तुगालने इंग्लंडकडेही हात पसरले, त्यांची मैत्री तर चौदाव्या शतकापासूनची. इंग्लंडने त्यांना आपले तळ वापरू दिले नाहीत. सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्धचा ठराव सोव्हिएत युनियनने नकाराधिकाराने पाडला.

दुसरं उदाहरण पाकिस्तानचंच. १९५४ मध्ये तो सीटो या आग्नेय आशियासाठीच्या लष्करी गटात गेला, १९५५ मध्ये बगदाद करारात, म्हणजे पश्चिम आशियासाठीच्या पुढच्या सेंटो गटात. एकाच वेळी दोन-दोन गट, दोन्हींच्या मागे अमेरिका. १९६५ ला काय झालं? सीटोवर सही करतानाच अमेरिकेने लिहून ठेवलं होतं की आमची बांधिलकी कम्युनिस्ट आक्रमणापुरती. भारत कम्युनिस्ट नाही. उलट युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेने दोघांचीही शस्त्रं अडवली. आपल्याकडे ब्रिटिश, फ्रेंच, रशियन असा मिश्र माल होता. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आणि सेबर विमानं अमेरिकन, त्यामुळे जास्त चिमटा त्यालाच बसला. १९७१ लाही तेच, सीटो नाही, सेंटो नाही.

आता सौदीचं. २०१५ मध्ये येमेनच्या युद्धासाठी सौदीने पाकिस्तानकडे विमानं, जहाजं, सैन्य मागितलं. त्यांची दोस्ती जुनी, पाकिस्तानी सैनिक सौदीत कित्येक दशकं प्रशिक्षण देत आलेले. तरी पाकिस्तानच्या संसदेने १० एप्रिल २०१५ ला तटस्थ राहायचा ठराव केला. २०२५ च्या करारामागे मला आपल्यापेक्षा दोहा जास्त दिसतं. सही होण्याच्या आठवडाभर आधी, ९ सप्टेंबरला, इस्रायलने कतारच्या राजधानीत हल्ला केला. अमेरिकेचा तिथला सगळ्यात मोठा हवाई तळ कतारमध्येच आहे. तळ असूनही बॉम्ब पडले, हे बघून रियाधला दुसरा आधार शोधावासा वाटला असेल तर नवल नाही. तेलाचं म्हणशील तर सौदीला गिऱ्हाईक पाहिजे आणि आपण मोठं गिऱ्हाईक आहोत. मामीला सांग, तिथं आपले २५ लाखांवर लोक कामाला आहेत, त्यांच्याशिवाय सौदीचं चालत नाही. भावाला परत बोलवायचं कारण मला या करारात तरी दिसत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, आधी ओळखायचं कशावरून. इथं मी माझ्या धंद्यातलं सांगतो.

दोन काडतुसं शेजारी ठेवून बघ. एक ५.५६ बाय ४५, आपल्या इन्सास रायफलचं. सडपातळ, पितळी नळी जवळजवळ सरळ. दुसरं ७.६२ बाय ३९, रशियन, एके रायफलचं. त्याची नळी बुडाशी रुंद आणि वर निमुळती होत गेलेली. अशी काडतुसं एकावर एक रचली की रांग आपोआप वाकते, म्हणून एकेचं मॅगझीन केळीसारखं बाकदार असतं. एकाचं काडतूस दुसऱ्यात जात नाही. जबरदस्तीचा प्रश्नच नाही, आम्ही तर मिलिमीटरच्या शतांशावर गेज लावून लॉट बाजूला काढायचो. नाटोच्या मापात पास झालेल्या काडतुसाच्या बुडावर वर्तुळात अधिकचं चिन्ह ठोकलेलं असतं. ते चिन्ह असलं की बेल्जियममध्ये बनलेलं काडतूस नॉर्वेचा जवान डोळे मिटून भरतो. १९५० च्या दशकात त्यांनी ७.६२ बाय ५१ ठरवलं, १९८० मध्ये ५.५६. तोफगोळा १५५ मिलिमीटर. इंधनाच्या नळीचं तोंडसुद्धा ठरलेलं. युती अशी बनते, वर्षानुवर्षं, गोदामात. सही हा त्यातला अर्ध्या तासाचा कार्यक्रम.

युक्रेनने हे सगळ्या जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांच्या तोफा सोव्हिएत मापाच्या, १५२ मिलिमीटर. पश्चिमेकडचे देश मदत द्यायला तयार, पण त्यांच्या गोदामात १५५. तोफा बदलल्याशिवाय गोळे निरुपयोगी. तोफा बदलल्या, तर गोळेच पुरेनात. मार्च २०२३ मध्ये युरोपियन युनियनने वर्षभरात १० लाख गोळे द्यायचं कबूल केलं. वर्ष संपलं तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. पैसा होता, इच्छा होती, ठराव होता, पण दारू भरायची क्षमता नव्हती. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, जीव मात्र तुटला. एक नवी लाइन उभी करायची म्हणजे यंत्रं, बारूद, प्रायमर आणि मुख्य म्हणजे शिकलेले हात. ते बाजारात मिळत नाहीत. दुसऱ्या बाजूला रशियाला गोळे कुणी दिले? उत्तर कोरियाने. त्यांचं माप तेच होतं, १२२ आणि १५२. दोघांचा करार जून २०२४ मध्ये झाला. माल त्याच्या आधीपासून जात होता.

म्हणून तू कागद वाचच, पण शेजारी चार गोष्टी मांडून बघ. कोणाचं सैन्य कोणाच्या भूमीवर कायमचं बसलंय? दारूगोळ्याचं माप एक आहे का? सुटे भाग कोण देतो? एकत्र सराव किती खोल? दक्षिण कोरियात अमेरिकेचे २८,५०० सैनिक आहेत. उत्तर कोरिया उतरला तर पहिल्या तासात अमेरिकन जवान मरतील, मग वॉशिंग्टनला तटस्थ राहणं जड जाईल. हमी तिथं आहे. याच मापाने पाकिस्तानकडे बघ. त्याच्या २०२०-२४ मधल्या शस्त्र आयातीपैकी ८१ टक्के चीनची, असं स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा हिशोब सांगतो. विमान चिनी, क्षेपणास्त्र चिनी, रडार चिनी. आणि चीनचा परस्पर संरक्षणाचा औपचारिक करार मात्र एकाच देशाशी आहे, १९६१ चा, उत्तर कोरियाशी. पाकिस्तानशी नाही. मला सौदीच्या सहीपेक्षा या ८१ टक्क्यांची काळजी जास्त वाटते, आणि पारावर यावर कुणी बोलत नाही.

आपलं काय, हे आता लिहीत बसलो तर जेवायला उशीर होईल. रात्री लिहितो.

थाळनेरचा_शिरीष

वरणगावकर भाऊ, तुमनं म्हननं बराबर शे. एक जुनी गोष्ट जोडतो, आपल्याच मातीतली.

आमच्या थाळनेरला तापीकाठी पडका किल्ला आहे. खानदेशच्या फारुकी घराण्याची सुरुवात तिथून. एका बाजूला गुजरातचा सुलतान, दुसऱ्या बाजूला माळवा, खाली बहमनी आणि नंतर अहमदनगर, शेवटी वरून मोगल. या सगळ्यांच्या मध्ये ते छोटं राज्य २०० वर्षं टिकलं. कधी गुजरातचं वर्चस्व मान्य केलं, कधी सोयरीक केली, आणि असीरगडचा किल्ला मात्र हातातून सोडला नाही.

अखेरीस राजा अलीखान फारुकीने अकबराची बाजू धरली. १५९७ मध्ये गोदावरीकाठी दख्खनी फौजांशी मोगलांची मोठी लढाई झाली, तिच्यात तो मोगलांच्या बाजूने लढता लढता मेला. रात्री गोंधळात मोगल सैन्याला वाटलं की हा शत्रूला जाऊन मिळाला, म्हणून त्यांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं. पुढे चारच वर्षांत, जानेवारी १६०१ मध्ये, त्याच्या मुलाकडून अकबराने असीरगडही घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. मोठ्याशी युती करणाऱ्या छोट्याचं काय होतं, ते मला तरी थाळनेरच्या बुरुजावर उभं राहिलं की आठवतंच.

माजी_सैनिक_चाळीसगाव

वरणगावकर साहेब, तुमच्या हातची काडतुसं आम्ही वापरलीत, त्यामुळे मान ठेवूनच लिहितो. पण सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू.

१९६२ चं चीनचं युद्ध विसरू नका. अलिप्ततेचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते नेहरू, आणि १९ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनीच केनेडींना पत्र लिहून लढाऊ विमानांच्या १२ स्क्वाड्रन मागितल्या. अरुणाचलातलं बोमडिला चिन्यांच्या हाती पडलं होतं. अशा वेळी मागितलेली मदत वेळेत येत नाही. आधीपासून ठरलेलं असेल, तळ ठरलेले असतील, रेडिओची वारंवारता जुळलेली असेल, तरच येते. म्हणजे तुमचाच मुद्दा मी उलटा वापरतोय.

फिनलंड बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशकं गटाबाहेर राहिला, रशियाला डिवचलं नाही. युक्रेनचं बघितलं आणि ४ एप्रिल २०२३ ला नाटोत गेला. रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा असलेला शहाणा, शिस्तीचा देश. पाठोपाठ मार्च २०२४ मध्ये स्वीडन, जो दोनशे वर्षं कुठल्या युद्धात नव्हता. युक्रेनकडे काय होतं? १९९४ चं बुडापेस्टचं निवेदन. अण्वस्त्रं देऊन टाकली आणि बदल्यात आश्वासन मिळालं. आश्वासन देणाऱ्यांपैकीच एकाने, रशियाने, हल्ला केला.

गलवानमध्ये १५ जून २०२० ला आपले २० जवान गेले. मी त्या उंचीवर ड्यूटी केलीय. तिथं रात्री पहाऱ्यावर उभं असताना "आपण स्वतंत्र धोरण ठेवतो" हे वाक्य गरम करत नाही. पुढच्या वेळी चीन आणि पाकिस्तान दोन्हीकडून आले तर एकट्याने दोन आघाड्या लढायच्या, हे कागदावर सोपं आहे.

सावद्याची_ताई

मी केळी निर्यातीच्या कामात आहे, लष्कराचं मला कळत नाही, पण एक प्रसंग आमच्या धंद्याला लागला तो सांगते. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. मोठ्या कंपन्यांची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, रिकामे रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे, कंटेनर वेळेवर मिळेनात आणि भाडं चढलं. केळी १३ अंशावर ठेवावी लागते, बंदरात चार दिवस जास्त गेले की माल पिकायला लागतो.

तेव्हा अमेरिकेने बऱ्याच देशांना घेऊन आरमारी मोहीम काढली. भारत त्यात गेला नाही. पण आपल्या नौदलाने अरबी समुद्रात दहाच्या वर युद्धनौका स्वतःच्या झेंड्याखाली लावल्या. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने रुएन नावाचं पळवलेलं जहाज सोडवलं, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. ज्यांचा माल समुद्रात असतो त्यांना हे फार मोठं वाटतं. गटात न जाताही काम करता येतं, एवढंच म्हणायचंय. मात्र त्यासाठी जहाजं आपली असावी लागतात.

वरणगाव_निवृत्त

ताईंनी माझं अर्धं काम केलं. चाळीसगावकर फौजी भाऊ, तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, तुम्ही तिथं उभे होतात.

गटाबाहेर राहायची किंमत आपण मोजतो, आणि ती कशी दिसते ते मी जवळून बघितलंय. एकाच पायदळात आज तीन काडतुसं आहेत. इन्सासचं ५.५६. अमेरिकन सिग रायफलचं ७.६२ बाय ५१, २०१९ मध्ये आपण अशा ७२,४०० रायफली घेतल्या. आणि रशियाबरोबर अमेठीत बनणाऱ्या एके-२०३ चं ७.६२ बाय ३९, सहा लाखांवर रायफलींचा करार. म्हणजे तीन पुरवठे, तीन साठे आणि डोंगरावर चढवायच्या तीन वेगळ्या पेट्या. घाईत चुकीची पेटी वर गेली तर काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. नाटोच्या देशाला ही कटकट नाही.

पण एकाच दुकानातून घेतलं तर काय होतं, तेही आपण भोगलंय. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लावले आणि नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले. रशियाकडून घेतलं तर तिथली घडीच विस्कटली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिनिनग्राडला आयएनएस तुशील आपल्या नौदलात आली. जहाज रशियाने बांधलं, त्याची गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनची. दोन देश एकमेकांवर तोफा डागताहेत आणि आपलं जहाज दोघांच्या हातून तयार होतंय. ते झालं, कारण आपलं दोघांशीही बोलणं होतं. गटात असतो तर ते जहाज गोदीतच गंजलं असतं. सिप्रीच्या हिशोबात २०१०-१४ मध्ये आपल्या आयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता, २०२०-२४ मध्ये तो ३६ वर आला. हा आकडा योग्य दिशेने जातोय असं माझं मत.

फिनलंडचं तुम्ही बरोबर सांगितलं. पण त्याच्या शेजारी नाटोचं सैन्य, विमानतळ, रेल्वे आधीच होती. लडाखमध्ये आपल्या बाजूने कोण चढणार? जपान? ऑस्ट्रेलिया? त्यांची ताकद समुद्रात आहे. हिमालयात येऊन लढायची सही कुणी करणार नाही, आणि बदल्यात तैवानच्या समुद्रात आपण लढायची सही मात्र ते मागतील. हा सौदा मला पटत नाही. दोन आघाड्यांची भीती खरी आहे, तिचं उत्तर मला दारूगोळ्याच्या साठ्यात दिसतं. किती दिवसांचं युद्ध चालवता येईल एवढा माल स्वतःच्या गोदामात आहे, आणि गोदाम रिकामं होत असताना वरणगाव, भुसावळ, खडकीत लाइन किती वेगाने चालते. यावर पैसा लावा म्हणून मी कुठंही भांडायला तयार आहे.

फैजपूरकर

काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. मामीला वाचून दाखवलं, तिचा जीव थोडा खाली पडला. दोनच शंका राहिल्या. क्वाड मग काय आहे? आणि १९७१ चा सोव्हिएत करार ही तर युतीच होती ना? आजोबा त्याच करारावर अडून बसलेत.

वरणगाव_निवृत्त

क्वाड म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चौघांचा गट, त्यात एकमेकांसाठी लढायचं कलम नाही. पण माझ्या चार गोष्टी लावून बघ. अमेरिकेबरोबर २०१६ मध्ये रसदीचा करार झाला, २०१८ मध्ये सुरक्षित संपर्क यंत्रणेचा, २०२० मध्ये नकाशे आणि उपग्रहाच्या माहितीचा. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकन नौदलाचं चार्ल्स ड्रू हे रसद जहाज दुरुस्तीला चेन्नईजवळ कट्टुपल्लीच्या गोदीत आलं. म्हणजे गोदामाच्या पातळीवर जवळीक वाढलीय, सही मात्र केलेली नाही. परीक्षेत हे दोन्ही लिही.

आजोबांना माझा नमस्कार सांग. ९ ऑगस्ट १९७१ च्या करारातलं नववं कलम म्हणतं की कुणावर हल्ला झाला किंवा धोका आला तर दोघे ताबडतोब सल्लामसलत करतील आणि योग्य ते उपाय योजतील. लढायला येऊ, असं त्यात नाही. तरी डिसेंबरमध्ये सोव्हिएत युनियनने सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव तीनदा रोखले, आणि अमेरिकेचं एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे आलं तेव्हा त्यांच्या युद्धनौकाही मागोमाग आल्या. कराचीवर मारा करणाऱ्या आपल्या क्षेपणास्त्र नौका त्यांच्याच बनावटीच्या होत्या, आणि त्या करार व्हायच्या आधीच आपल्याकडे पोचल्या होत्या. आजोबांची आठवण खरी आहे. फक्त ते ज्या देशाची गोष्ट सांगतात तो १९९१ मध्ये राहिला नाही, आणि रशियाबरोबर जानेवारी १९९३ मध्ये जो नवा करार झाला, त्यात नवव्या कलमासारखी बांधिलकी ठेवलेली नाही.